तव्यापासून तोंडापर्यंत: छोट्या बर्गरच्या दुकानात नीट कसे खावे

तव्यावरून उतरलेला बर्गर फार तर दहा मिनिटे चांगला राहतो. त्यानंतर पॅटीतला रस पावात मुरू लागतो, वितळलेले चीज घट्ट होते, बाजूचे फ्राइज स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात आणि उरते ते केवळ पोट भरण्यापुरते अन्न. मालक स्वतः काउंटरवर किंवा तव्यापाशी उभा असतो अशा छोट्या दुकानाची खरी श्रीमंती या दहा मिनिटांत असते, कारण तिथे पॅटी बहुधा ऑर्डर आल्यावर तव्यावर पडते आणि तवा ते टेबल हे अंतर चार पावलांचे असते. गिऱ्हाइकाकडून मात्र ही मिनिटे सहज वाया जातात: चुकीच्या वेळी जाऊन, नको तितके मागवून, फोटो काढत बसून किंवा विनाकारण पार्सल नेऊन. तसे होऊ नये म्हणून काय करावे, ते येथे जाण्याच्या वेळेपासून सुरुवात करून सांगितले आहे.

बर्गरच्या धंद्यात वेळेचा विचार नवा नाही. 1921 मध्ये अमेरिकेतील विचिटा येथे व्हाइट कासल सुरू झाले आणि सगळीकडे सारख्याच चवीचा, झटपट मिळणारा बर्गर ही कल्पना रुजू लागली. 1948 मध्ये मॅकडोनाल्ड बंधूंनी सान बर्नार्डिनोतल्या आपल्या उपाहारगृहाचा मेनू नऊ पदार्थांवर आणला आणि स्वयंपाकघर कारखान्यासारखे बांधले. गिऱ्हाइकाला थांबावे लागू नये म्हणून बर्गर आधी तयार करून उष्ण दिव्यांखाली ठेवण्याची पद्धतही याच काळातली. त्यात गिऱ्हाइकाचा वेळ वाचला, पण त्याच्याऐवजी बर्गर वाट पाहू लागला. छोट्या दुकानात हा क्रम उलटा असतो. तिथे थांबायचे ते गिऱ्हाइकाने, आणि हे एकदा मान्य केले की पुढचे पुष्कळसे आपोआप सुधारते.

जाण्याची वेळ ठरवताना दुकान उघडल्याचे पहिले काही क्षण आणि ऐन गर्दीचा तास हे दोन्ही टाळावेत. जाड लोखंडी तवा सर्वत्र सारखा तापायला वेळ लागतो. अर्धवट तापलेल्या तव्यावर पॅटीला रंग येण्याआधीच तिचे पाणी सुटते आणि ती भाजण्याऐवजी शिजते. गर्दीत अडचण निराळी असते. तव्यावर एकाच वेळी जास्त थंड मांस पडल्याने त्याचे तापमान उतरते आणि एकट्या माणसाला पंधरा पॅट्यांवर सारखे लक्ष ठेवता येत नाही. म्हणून उघडल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, गर्दी जमण्यापूर्वी पोहोचणे उत्तम. चारपेक्षा जास्त माणसे जाणार असतील तर आधी फोन करावा आणि गेल्यावर सर्वांची ऑर्डर एकत्र द्यावी. एकेकाने आठवेल तसे मागवत राहिल्यास शेवटच्याचा बर्गर येईपर्यंत पहिल्याचा थंड होतो, आणि शिष्टाचार म्हणून सगळेच थांबले तर सगळ्यांचाच बिघडतो. बर्गरच्या बाबतीत हा शिष्टाचार पाळू नये. ज्याचा आला त्याने लगेच खायला सुरुवात करावी.

आत शिरल्यावर मेनूच्या फळ्याकडे पाहण्याआधी तव्याकडे पाहावे. अनेक छोट्या दुकानांत तो समोरच दिसतो. प्रत्येक घाणा उतरल्यावर तवा खरवडून साफ केला जातो का, कच्च्या खिम्याचे हात आणि पावाचे हात वेगळे आहेत का, तळणीच्या तेलाला जुनाट, घशाला झोंबणारा वास येतो का, हे पाहायला अर्धे मिनिट पुरते. कानही उघडे ठेवावेत, कारण पॅटी पडताच मोठा, सलग चरचराट झाला तर तवा पुरेसा तापलेला आहे असे समजावे. कालथा कधी दाबला जातो तेही पाहावे. खिम्याचा गोळा तव्यावर पडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात दाबून पसरवणे हे कसब आहे, कारण तेव्हा आतली चरबी थंड आणि घट्ट असते, त्यामुळे ती बाहेर पडत नाही. पॅटी निम्मीअधिक भाजल्यावर मात्र कोणी ती कालथ्याने दाबून दाबून चरचरवत असेल, तर प्रत्येक दाबागणिक रस तव्यावर चालला आहे. मेनू लांबलचक असेल तर मी थोडा सावध होतो. एका तव्यावर, दोन माणसांत चाळीस पदार्थ ताजे करणे अवघड असते, म्हणजे त्यांतले बरेचसे फ्रीझरमधून येत असणार. सहा-सात बर्गर आणि दोन-तीन जोडपदार्थ एवढाच फळा असलेल्या दुकानाकडे मी विश्वासाने पाहतो.

फळ्यावरची नावे कितीही चमत्कारिक असली तरी पॅटीचे प्रकार मुळात दोन आहेत, आणि आपण कोणत्या प्रकारच्या दुकानात आलो आहोत हे कळले की काय मागावे ते कळते. पहिल्या प्रकारात साधारण 55 ते 60 ग्रॅमचा गोळा धगधगीत तव्यावर दाबून पातळ पसरवतात. अशा पॅटीची सगळी मजा तिच्या खरपूस, तपकिरी कडांत असते. हा तपकिरीपणा मेलार्ड अभिक्रियेतून येतो. मांसातली अमिनो आम्ले आणि शर्करा यांची ही अभिक्रिया सुमारे 140 अंश सेल्सिअसच्या पुढे जोरात होते, आणि पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तापमान 100 अंशांवर अडकून राहते. म्हणून तवा अतिशय तापलेला आणि पॅटीचा पृष्ठभाग कोरडा लागतो. या प्रकारात एक जाड पॅटी मागण्यात अर्थ नाही. दोन पातळ पॅट्या घ्याव्यात, म्हणजे खरपूस पृष्ठभाग चार मिळतात. तीन घेतल्या तर मांस पावावर कुरघोडी करते. पातळ पॅटी आतून गुलाबी ठेवा असे सांगणे म्हणजे तिचा हेतूच न कळणे होय.

दुसरा प्रकार जाड पॅटीचा, 150 ते 200 ग्रॅमचा. येथे मजा रसाची असते आणि तो रस चरबीवर अवलंबून असतो. गोमांसाच्या पारंपरिक बर्गरसाठी चार भाग मांस आणि एक भाग चरबी हे प्रमाण स्वयंपाकी पसंत करतात. ‘कमी चरबीची पॅटी आहे का’ असे विचारणाऱ्याला बहुधा कोरडी पॅटी मिळते, आणि मग तो ती सॉसमध्ये बुडवून खातो, म्हणजे चरबी दुसऱ्या दाराने आत येते. चांगला स्वयंपाकी खिम्यात मीठ आधी मिसळत नाही, कारण मिठाने मांसातली प्रथिने सुटून एकमेकांना चिकटतात आणि पॅटीचा पोत सॉसेजसारखा रबरी होतो. मीठ पॅटी तव्यावर टाकण्याच्या क्षणी, वरून, सढळ हाताने पडते. पहिला घास घेण्याआधी वरून मीठ भुरभुरू नये ते याचसाठी.

जाड पॅटी कितपत भाजायची असे विचारले तर उत्तर विचार करून द्यावे. अखंड मांसाच्या तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि बाहेरून भाजताना मरतात, परंतु खिमा करताना तोच पृष्ठभाग सगळ्या मांसात मिसळला जातो. म्हणून आतून कच्चे ठेवलेले स्टेक आणि आतून कच्ची ठेवलेली पॅटी यांत धोक्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. 1993 मध्ये अमेरिकेत अपुऱ्या भाजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय जिवाणूच्या एका घातक प्रकाराची लागण होऊन 700 हून अधिक माणसे आजारी पडली आणि चार मुले दगावली. तेथील अन्नसुरक्षा यंत्रणेने घरगुती स्वयंपाकासाठी खिम्याच्या मांसाला 71 अंश आणि कोंबडीच्या मांसाला 74 अंश सेल्सिअस ही आतल्या तापमानाची मर्यादा सांगितली आहे. रंगावरून याचा अंदाज बांधू नये, कारण काही पॅट्या पुरेशा तापण्याआधीच तपकिरी होतात, तर काही पूर्ण शिजूनही गुलाबी दिसतात. लहान मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे यांच्यासाठी पॅटी पूर्ण भाजूनच मागवावी. दुकानात थर्मामीटर वापरतात का, हे विचारण्यात काहीही गैर नाही. वापरत असतील तर स्वयंपाकी ते उत्साहाने दाखवतो.

पहिल्या भेटीत दुकानाच्या नावाचा किंवा फळ्यावर सर्वांत वर लिहिलेला साधा बर्गर मागवावा आणि त्यात काहीही बदल सांगू नये. लोणच्यातली काकडी नको, कांदा वेगळा द्या, सॉस दुसरा घाला, असे करण्याचा मोह आवरावा लागतो, परंतु बर्गर हा एक हिशेब असतो. मांसाच्या चरबीला काकडीचा आंबटपणा तोलून धरतो, चीजच्या खारटपणाला कांद्याचा गोडवा, आणि पाव या सगळ्यांना धरून ठेवतो. त्यातले एक काढले की दुसरे जास्त होते. अमेरिकेत न्यू हेवन येथे 1895 पासून एकाच कुटुंबाकडे चालत आलेले लुईज लंच नावाचे छोटेसे उपाहारगृह आहे. तिथे पॅटी भाजलेल्या ब्रेडच्या दोन कापांत देतात, आणि केचप मागितला तर मिळत नाही. सगळीच दुकाने इतकी कडक असू नयेत, पण पहिल्यांदा मालकाचा हिशेब काय आहे तो समजून घ्यावा आणि बदल दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवावा, हे मला पटते. मी स्वतः एकदा भुकेच्या भरात दोन प्रकारचे चीज, अंडे, तळलेला कांदा, मशरूम आणि तीन सॉस असलेला बर्गर मागवला होता. तो तोंडात मावला नाही, हातात राहिला नाही, आणि शेवटी ताटलीतून चमच्याने जे खाल्ले त्याला काय म्हणावे हे मला आजही सांगता येणार नाही.

न बदलण्याच्या या नियमाला अॅलर्जी आणि आहारनिष्ठा हे अपवाद आहेत, आणि तेथे संकोच मुळीच करू नये. पावावर तीळ असतात, ब्रिओशसारख्या पावात अंडी आणि लोणी असते, सॉसमध्ये मोहरी, अंडे किंवा सोया असू शकते. हे ऑर्डर देण्यापूर्वी सांगावे आणि ‘नसले तर बरे’ असे गुळमुळीत बोलू नये. ‘मला तिळाची अॅलर्जी आहे’ असे स्वच्छ शब्दांत सांगावे, कारण ऐकणाऱ्याच्या दृष्टीने आवड आणि अॅलर्जी यांत फार फरक असतो. शाकाहारी माणसाने दोन प्रश्न अवश्य विचारावेत: पॅटी त्याच तव्यावर भाजली जाते का, आणि फ्राइज कोणत्या तेलात तळले जातात. छोट्या दुकानात बहुधा तवा एकच असतो आणि फ्राइज काही ठिकाणी जनावराच्या चरबीतही तळतात. मालक समोर असल्याचा फायदा हा की उत्तर खरे आणि लगेच मिळते. डाळी, कडधान्ये किंवा मशरूम यांची हाताने केलेली पॅटी असेल तर ती आधी पाहावी. मांसासारखी दिसणारी वनस्पतिजन्य पॅटी बहुतेक वेळा बाहेरून विकत आणलेली असते, त्यामुळे तिच्यात त्या दुकानाचे म्हणावे असे फारसे काही उरत नाही.

चीजबद्दल नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात, म्हणून त्याविषयी थोडे सांगतो. पातळ, चौकोनी प्रक्रिया केलेले चीज ही कंजुषी समजू नये. अशा चीजमध्ये सायट्रेट किंवा फॉस्फेट क्षार असतात आणि त्यांच्यामुळे चरबी आणि पाणी वेगळे न होता चीज एकजीव वितळते. प्रक्रिया केलेल्या चीजचे एक पेटंट जेम्स क्राफ्ट यांना 1916 मध्ये मिळाले, आणि बर्गरवर हे चीज टिकून राहिले ते याच गुणामुळे. जुने, मुरलेले चेडर चवीला सरस असले तरी तापल्यावर तेल सोडते. चीजचा काप पॅटी तव्यावर असतानाच ठेवला पाहिजे. कडा तशाच कोरड्या आणि टोकदार उभ्या असतील तर तो उशिरा ठेवला गेला आहे.

पाव आतल्या बाजूने भाजलेला असावा. भाजलेला थर रस अडवून धरतो आणि पावाचा लगदा होऊ देत नाही. याची खात्री हातात घेतल्याबरोबर होते, कारण न भाजलेला पाव बोटांखाली लगेच दबतो.

फ्राइजची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांचे आयुष्य बर्गरपेक्षाही लहान असते. उत्तम फ्राइज दोनदा तळलेले असतात. आधी साधारण 150 ते 160 अंशांच्या तेलात आतून शिजवून घेतात, मग गार करून 180 ते 190 अंशांच्या तेलात कुरकुरीत करतात. दुसऱ्यांदा तळून बाहेर आल्यावर आतल्या बटाट्यातली वाफ सालीकडे सरकते आणि काही मिनिटांत कुरकुरीतपणा संपतो. दोघांत एकच वाटा घ्यावा, कारण उरलेल्या फ्राइजचे दुसऱ्या दिवशी काहीही करता येत नाही. माझा क्रम असा असतो: ताटली आल्याबरोबर चार-पाच फ्राइज नुसतेच खावेत, मग बर्गर हातात घेऊन तो संपेपर्यंत खाली ठेवू नये, आणि राहिलेले मऊ फ्राइज शेवटी सॉसमध्ये बुडवून खावेत. सॉस वरून ओतू नये, एका कोपऱ्यात घ्यावा.

आता हातात धरण्याविषयी. कागदात गुंडाळलेला बर्गर पूर्ण सोलून काढू नये. वरचा अर्धा भाग मोकळा करावा आणि खालचा कागद तसाच राहू द्यावा, कारण गळणारा रस आणि सॉस तोच झेलतो. दोन्ही हातांचे अंगठे आणि करंगळ्या खाली, उरलेली तीन-तीन बोटे वर, अशी पकड घेतली की मागची बाजू दबत नाही आणि पॅटी पलीकडून निसटत नाही. खालचा पाव पातळ असतो आणि सगळा रस त्याच्यात उतरतो, म्हणून बर्गर फार रसदार असेल तर तो उलटा धरावा. जाड वरचा पाव खाली आला की तो शेवटपर्यंत टिकतो. कोपरे टेबलावर टेकवून थोडे पुढे वाकावे, म्हणजे जे पडायचे ते ताटलीत पडते. घासागणिक बर्गर थोडा फिरवत जावा. एकाच बाजूने खात गेल्यास शेवटी पाव एका हातात आणि भरण दुसऱ्या हातात येते. मध्ये खोवलेली काडी आधी काढून बाजूला ठेवावी. हे हास्यास्पद वाटेल, पण ती विसरून चावणारे मी पाहिले आहेत. उंच बर्गर मधोमध कापून हवा असेल तर ते काम स्वयंपाकघराकडे सोपवावे, कारण टेबलावरच्या बोथट सुरीने पाव आधी चेपतो आणि मग फाटतो. उंची हाताबाहेरचीच असेल तर काट्या-सुरीने खाण्यात कमीपणा मानू नये. फोटो घ्यायचाच असेल तर एक घ्यावा.

काही चुकले असेल तर ते त्याच वेळी आणि नेमके सांगावे. ‘बर्गर चांगला नव्हता’ या वाक्याचे मालक काहीही करू शकत नाही, परंतु ‘मधला भाग थंड आहे’, ‘आज मीठ जास्त पडले आहे’ किंवा ‘पाव भाजलेला नाही’ असे कळले तर तो लगेच दुरुस्त करू शकतो. पॅटी आतून कच्ची निघाली तर पुढे खाऊ नये आणि नवी करून मागावी. तीच पुन्हा तव्यावर टाकून आणली तर ती बाहेरून करपते. अर्धा बर्गर संपवून मग तक्रार करणे मात्र टाळावे. चांगले काय लागले तेही तितक्याच नेमकेपणाने सांगितले तर मालकाला उपयोगी पडते, कारण कांदा तव्यावर किती वेळ ठेवायचा यासारखे निर्णय तो गिऱ्हाइकांच्या अशाच दोन शब्दांवरून बदलत असतो.

पार्सल शक्यतो नेऊ नये. नेणे भाग असेल तर भाज्या आणि सॉस वेगळे मागावेत, फ्राइजच्या खोक्याचे झाकण उघडे ठेवावे आणि पिशवीचे तोंड बांधू नये, कारण कोंडलेली वाफ सगळेच भिजवते. घरी गेल्यावर संपूर्ण बर्गर मायक्रोवेव्हमध्ये घालण्यापेक्षा तो सुटा करावा, पॅटी झाकण ठेवून तव्यावर चांगली गरम करावी, पाव कोरड्या तव्यावर शेकावा आणि मग पुन्हा रचावा. शिजवलेले मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिले असेल तर ते खाऊ नये.

बसायच्या जागा मोजक्याच असतात, म्हणून माणसे ताटकळत उभी असतील तर खाऊन झाल्यावर टेबल मोकळे करावे आणि गप्पा बाहेर माराव्यात. पैसे कशा स्वरूपात घेतले जातात ते ऑर्डर देतानाच विचारून ठेवावे.

दुसऱ्यांदा जाल तेव्हा तोच साधा बर्गर पुन्हा मागवावा. पहिल्या वेळची चव हे कौशल्य होते की योगायोग, हे त्याशिवाय कळत नाही, आणि एकाच माणसाच्या हातचा बर्गर वेगळ्या दिवशी, वेगळ्या गर्दीत तसाच लागला तर त्या तव्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. मग तिसऱ्या वेळी फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेल्या त्या दिवसापुरत्या पदार्थाकडे वळावे. मात्र तेव्हा लवकर जावे, कारण असे पदार्थ थोडेच केलेले असतात आणि संध्याकाळी उशिरा पोहोचलेल्याला फळ्यावर त्या ओळीच्या जागी फक्त पुसल्याची खूण दिसते.